टायगरच्या पुढचे शब्द

‘टायगर’ म्हणून वैजनाथ मास्तर थांबले. हातातला तांब्या बादलीवर तसाच धरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सात शब्द म्हटले आणि पुन्हा तिथंच अडले. पुढचे पाच शब्द महिन्याभरापूर्वी डोक्यातून निघून गेले होते.

अर्धांगवायूचा झटका हलका होता, असं धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं. हात-पाय परत आले, वाचाही आली. अंगणात पडताना अंगाखाली चुरा झालेला मोबाइल तेवढा कामातून गेला. निवृत्तीच्या पैशातून मास्तरांनी घेतलेली डिजिटल नाणी त्यातच होती. ती नव्या मोबाइलवर आणायची तर बारा इंग्रजी शब्द ओळीनं भरावे लागत. ज्याच्याकडं शब्द, त्याची नाणी. तिथं बँक नाही, साहेब नाही, अर्ज करायची सोय नाही.

लोकांची नाणी सांभाळणारी एक कंपनी बुडाल्यावर मास्तरांनी सगळं स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं. शब्दांचा कागद चोरीच्या भीतीनं जाळून टाकला आणि तेव्हापासून रोज अंघोळीला ते बारा शब्द मोठ्यानं घोकले. पत्नी द्वारकाबाई गेल्यापासून घरात दुसरं कोणी नव्हतं. ऐकणार कोण?

“लाडर,” न्हाणीच्या पत्र्याच्या पलीकडून आवाज आला.

तांब्या बादलीत पडला.

“लाडर, आरफन, येलवट, गारलिक, इंटर.”

आवाज शेजारच्या कोंडाबाईचा होता. शेळ्या राखून एकटी राहणारी बाई; अक्षराची ओळख नाही. मास्तर कसेबसे पंचा गुंडाळून बाहेर आले आणि हे कुठून शिकलात म्हणून त्यांनी विचारलं. कोंडाबाई पाल्याची पेंढी सोडत होती. रोज सकाळी कानावर पडतं, ती म्हणाली. मास्तरांचा कसला तरी नेमाचा पाठ असावा, असं तिनं धरलं होतं. हल्ली ते मधेच अडतात, म्हणून आज राहवलं नाही.

“तुमी दवाखान्यात व्हता तवा म्याच म्हणायची रोज,” ती म्हणाली. “खंड पडू न्हाय म्हणून.”

मास्तर पंचा धरून उभे राहिले. दवाखान्यातल्या एकोणीस दिवसांत त्यांना भेटायला कोणी आलं नव्हतं. पुण्याच्या पुतण्यानं, कृष्णराजनं, एकदा फोन केला होता, तोही नर्सनं घेतला.

येलवटचं वेल्वेट, इंटरचं विंटर करत त्यांनी दुपारी शब्द भरले. नाणी जशीच्या तशी दिसली. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मग त्यांना खटकलं. जे शब्द शेजारणीला पाठ आहेत, ते कसलं कुलूप? कोंडाबाईच्या मनात पाप नव्हतं. पण उद्या कोणी विचारलं तर ती देवाचं समजून सगळ्यांपुढं म्हणून दाखवेल. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी नवीन खातं केलं, त्याचे नवे बारा शब्द कागदावर उतरवले आणि सगळी नाणी तिकडं हलवली. कागद पत्र्याच्या पेटीत गेला. आता घोकायचं ते मनात, ओठ न हलवता.

पेटी लावण्याआधी त्यांना वाटलं, पुन्हा काही झालं तर पेटी कोणी उघडायची, ते लिहून ठेवावं. कोरा कागद घेऊन ते बसले. ‘माझ्या पश्चात’ एवढं लिहिलं. पुढं नाव लिहिण्यासाठी उचललेलं पेन त्यांनी बऱ्याच वेळानं टोपण लावून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत नुसता पाण्याचा आवाज होता. पलीकडं शेळ्यांना पाला टाकण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं कोंडाबाईनंच सुरुवात केली, टायगरपर्यंत आली आणि वाट बघत राहिली.



“मास्तर, बरं हाय न्हवं?”

“बरं आहे.”

“मग म्हणंना झालाव आज?”

मास्तरांनी पत्र्याकडं पाहिलं. त्याच्या खालच्या फटीतून तिच्या पायांची बोटं दिसत होती.

“पाठ बदललाय, कोंडाबाई.”

“असं व्हय.” ती बोटं जरा पुढं सरकली. “लई अवघड हाय का? म्हणा की मोठ्यानं. म्या ध्यानात ठिवते.”

बादलीत सोडलेला नळ मास्तरांनी हात लांबवून बंद केला, म्हणजे तिला ऐकताना पाण्याचा आवाज आड येणार नाही.