खरखर कोणाची?

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. पण गाणी ऐकवणारा नव्हे. मी बिनतारी संच आहे, ऐकतो आणि बोलतोही. टेलिफोन एक्सचेंजमधल्या नोकरीतून सवड काढून या घरच्या बाईंनी मला स्वतःच्या हातांनी जोडलं.

बाईंचा धाकटा भाऊ दूरच्या एका बेटावर दीपगृह सांभाळायचा. एकटाच. रोज सकाळी सात वाजता त्याची हाक यायची, "ताई, ऐकू येतंय का?" आणि बाई म्हणायच्या, "येतंय रे, बोल!" त्या दहा मिनिटांत घरात कोणी भांडंही वाजवत नसे. केवढा मान होता माझा!

मग सूनबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर आला तो संगणक. सूनबाई इमारतींचे नकाशे काढत. घरात मोठं टेबल एकच, त्यामुळे मला कोपऱ्यात सरकवलं. तेही मी सोसलं असतं. पण बाईंनी माझ्या अंगावरचं भरतकामाचं आच्छादन काढून त्याच्यावर घातलं! त्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलू लागला.

थोड्याच दिवसांत माझ्या आवाजात खरखर शिरली. भावाचे निम्मे शब्द त्यात बुडून जात. बाई माझ्या स्पीकरला कान लावत आणि म्हणत, "माझे कानच गेले. आता हे बंद केलेलं बरं."

सूनबाईंनी ते ऐकलं. "आई, मलाही खरखर ऐकू येतेय. कानांना काही झालेलं नाही. चला, चोर शोधू."

त्यांनी मला बॅटरीवर लावलं आणि घराचं मेन स्विच बंद केलं. खरखर थांबली! मग घरातली सगळी बटणं बंद करून मेन पुन्हा लावलं, बाई माझ्यापाशी बसल्या आणि सूनबाई एकेक बटण लावत गेल्या. फ्रिज लावला, काही नाही. पंखा लावला, काही नाही. संगणकाचं भिंतीवरचं बटण दाबलं मात्र, माझ्या पोटात मधमाश्या उठल्या.

"सापडला!" बाई ओरडल्या. मला तर नाचावंसं वाटलं. आता याची उचलबांगडी होणार!

पण सूनबाई हुशार. त्यांनी संगणक बंद केला, तरी खरखर चालूच. मग त्याचा अडॅप्टर भिंतीतून उपटला आणि सगळं शांत झालं. "आई, हा बिचारा निर्दोष आहे. याचा स्वस्तातला अडॅप्टर बोंबलतोय." त्यांनी चांगला अडॅप्टर आणला, त्याच्या वायरीला खरखर अडवणारं फेराइटचं काळं कडं घालून तीन वेढे दिले. माझी एरियलची तार त्याच्या वायरींना चिकटून जात होती, ती खिडकीबाहेर लांब बांधली. माझ्या वैऱ्याला दोषमुक्त केलं हो! किती जळफळाट झाला माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भावाचा आवाज स्वच्छ आला. अगदी त्याचा श्वाससुद्धा.

"अरे, धापा का टाकतोयस?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं ताई. जिना चढलो की छातीत कळ येते. आठवडाभर सांगतोच आहे तुला."

बाई माझ्याकडे आणखी सरकल्या. "बंदरावर कळवलंस?"

"कशाला उगाच लोकांना त्रास?"

सूनबाई केव्हाच संगणकापाशी गेल्या होत्या. पापणी लवायच्या आत त्याने बंदर कार्यालयाचा नंबर काढून दिला. बाईंनी फोन केला, दुपारी बोट बेटाला लागली आणि भावाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं.

आता भाऊ इथेच राहतो. आणि मित्रांनो, सांगताना जीव जळतो, तो दिवसभर त्या संगणकावर पत्ते खेळतो! माझ्याकडे पाठ करून!

आच्छादनही अजून संगणकाच्याच अंगावर आहे. पण बेटावर आता नवा राखणदार आलाय. तोही एकटाच आहे, आणि तोही आपलं दुखणं लपवणाराच असेल. म्हणून एवढंच मागतो. घरात नवं यंत्र जरूर आणा, पण ते गप्प बसतंय ना, हे आधी तपासा. माझी धूळ पुसा, तार लांब राहू द्या. आणि सात वाजता जरा शांत बसा. कोणीतरी बोलत असेल.