उंचावरचं पोट

मी टॉवर क्रेन चालवते. दहा-बारा मजले वर काचेची केबिन, त्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि वॉकीटॉकी. संडास मात्र खाली. माझ्या पोटाने नेमकं हेच हेरून ठेवलं होतं. शिडीला हात लावला की मुरडा सुरू. सुट्टीच्या दिवशी हेच पोट एकदम शहाण्यासारखं वागायचं, त्यामुळे तर माझं डोकं जास्तच फिरायचं.

सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बीणसुद्धा घातली. काहीच निघालं नाही. घरच्यांना हायसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर. दुर्लक्ष करायला मुरडा म्हणजे काय शेजारचा टीव्ही आहे? शेवटी मी काम सोडायचं ठरवलं. घरच्यांशी भांडून मिळवलेलं काम होतं ते. ठरवलं आणि पोटभर रडून घेतलं.

त्याआधी एकदा शेवटचं म्हणून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की दुखणं खरं आहे. आतड्याला जखम नाही, पण आतडं आणि मेंदू सतत एकमेकांना निरोप धाडत असतात, आणि माझ्यात ते काम जरा आरडाओरड्याने चाललंय.

"पोट कुरकुरलं की डोकं घाबरतं, डोकं घाबरलं की आतडं आवळतं. सुरुवात कुणी केली हे शोधू नका. कुणीतरी एकाने आवाज खाली आणायचा."

त्यांनी गोळ्या दिल्या, खाण्याची पथ्यं सांगितली, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. आणि कामावर निदान एका माणसाला हे सांगा, म्हणाल्या. गोळ्यांपेक्षा हेच कडू होतं.

सांगायचं तर मामांनाच. खालून मला इशारे देणारे, सगळ्या साइटचे मामा. माल उचलला की "ठीक ना?", ठेवला की "ठीक ना?" बाईच्या हातात क्रेन, म्हणून यांचा जीव वरखाली होतोय, असं मी धरून चालले होते. त्यांनी विचारलं की माझं पोट आणखी पिळायचं.

एका सकाळी हूक रिकामा असताना मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "मामा, मला मध्येच खाली यावं लागेल कधीकधी. पोटाचा त्रास आहे. इतके दिवस अंगावर काढला."

वॉकीटॉकीत खरखर झाली.

"मला वाटायचं, माझाच इशारा चुकतोय," मामा म्हणाले. "तुझा आवाज तुटक झाला की माझ्या पोटात गोळा येतो गं. म्हणून विचारतो सारखं."

मी खाली वाकून बघितलं. मामा मान वर करून उभे होते. इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांना घाबरवत आलो होतो, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"तुला वाटेल तेव्हा ये," ते म्हणाले. "लोखंड कुठे पळून जात नाही."

घरी जाऊन मी सांगितलं, काम सोडत नाही. मुरडा अजूनही येतो. आला की मी सांगते, मामा "बरं" म्हणतात, आणि पुष्कळदा मग मला खाली उतरावंच लागत नाही.