नवव्या प्रश्नाची शेवटची ओळ

गणिताच्या बाई नुसते प्रश्न काढत नसत, सापळे लावत. शाळेतून निवृत्त झाल्या तरी प्रवेशपरीक्षांचे पेपर काढायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडेच येत होतं. चार पर्यायांत घाईखोरांसाठी एक गोंडस चुकीचं उत्तर पेरून ठेवलं की त्यांचा दिवस मजेत जाई. "आधी शेवटची ओळ वाचा, खरा प्रश्न तिथं असतो," हे त्यांनी वर्गात इतकं घोकून घेतलं होतं की पोरं त्यांना पाठीमागे 'शेवटची ओळ' म्हणत. ते बाईंना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

बाईंच्या घराखाली, तळमजल्यावर शिवणाचं दुकान होतं. शिंपीणबाईंची मुलगी अंगानं काडी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. शाळेत ती बाईंच्याच वर्गात होती. मशीन चालवता चालवता अभ्यास करून तिनं रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा दिली आणि एका गुणानं हुकली. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. पेपर बाईंनीच काढलाय हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ते गुपितच असतं.

बुधवारी ती शिवलेले अभ्रे घेऊन वर आली होती.

"बाई, नववा प्रश्न. माझं चौदा आलंय, उत्तरसूचीत दहा दिलंय. शुक्रवारी पाचपर्यंत हरकत घेता येते. घेऊ का?"

बाईंनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "उत्तरसूची करणारे काय झोपेत करतात? शेवटची ओळ वाचली नसशील. तुझी घाई जुनीच आहे."

"हो बाई," म्हणून ती गेली.

शनिवारी सकाळी उशीला अभ्रा घालताना आतून घडी केलेला कागद पडला. टाचणीचं अक्षर. वर नववा प्रश्न उतरवलेला: 'आई आणि मुलगी यांच्या आजच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस आहे. चार वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर चार वर्षांनी मुलीचं वय किती असेल?'

बाईंनी सवयीनं पेन्सिल घेतली. मुलीचं आजचं वय क्ष. आईचं अठ्ठेचाळीस वजा क्ष. दोघींत चार-चार मिळवले, तिप्पट केली. चार क्ष बरोबर चाळीस, क्ष बरोबर दहा. "दहाच तर!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

दहा हे आजचं वय. विचारलंय चार वर्षांनंतरचं. चौदा.

दहा हा त्यांनीच लावलेला सापळा होता. क्ष सापडला की हुरळून जाणाऱ्यांसाठी. उत्तरसूची भरताना त्या स्वतःच हुरळल्या होत्या आणि आपल्याच सापळ्यात पाय देऊन बसल्या होत्या.

हरकतीची मुदत काल संपली होती. अंतिम यादी सोमवारी दुपारी लागणार. तोवर पेपर काढणाऱ्यानं स्वतः लेखी चूक कबूल केली तरच सूची बदलते, आणि त्याचं नाव परीक्षा मंडळाच्या यादीतून कायमचं जातं. बाईंनी कागद चुरगाळून केराच्या टोपलीत टाकला. कुणाला कळणार होतं? पाच मिनिटं त्या खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मग टोपलीत हात घालून त्यांनी कागद काढला, हातानं सरळ केला आणि जिना उतरल्या.

टाचणी कापायच्या टेबलाशी बसली होती. समोर कापड नव्हतं, वहीची पानं होती. बाईंना पाहून ती उठली. चेहरा खुललेला.

"बाई, आलं! सकाळपासून सहा वेळा केलं, शेवटी आलं दहा. शेवटची ओळच धरायची नाही, की येतं. तुम्ही म्हणालात तसंच, माझंच चुकत होतं."

तिनं प्रश्नाची शेवटची ओळ पेन्सिलनं नीट, पट्टी लावून खोडली होती.

बाई म्हणाल्या, "खोडू नकोस गं. चौदाच बरोबर आहे."

"राहू द्या बाई. मला बरं वाटावं म्हणून नका म्हणू. मी आईला सांगितलंय, आता दुकानच बघते."

समजावून तिला पटेना. तेव्हा बाईंनी तिचीच वही ओढली आणि टेबलावरच्या कात्र्या बाजूला सारून उभ्या उभ्या मंडळाला पत्र लिहिलं. सोमवारी कार्यालय उघडताच त्या ते स्वतः नेऊन देणार होत्या. सही केली आणि पान टाचणीपुढे सरकवलं.

शिकवल्याप्रमाणे तिनं आधी शेवटची ओळ वाचली. 'हा प्रश्न व त्याचे चुकीचे उत्तर, दोन्ही माझे आहेत.' मग पत्र पहिल्यापासून वाचलं. तिचे डोळे भरून आले होते.

"बाई," ती म्हणाली, "मग बुधवारी का नाही बघितलंत?"

याचं उत्तर बाईंना येत होतं. एखाद्या डॉक्टरची मुलगी विचारायला आली असती, तर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं असतं. पण टाचणीच्या समोर उभं राहून ते त्यांना बोलवेना.