संकष्टीचं मटण

खडकीच्या जयसिंगरावांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, पण संकष्टी त्यांनी कधी चुकवली नाही. निम्म्या पुण्याचा उपास असल्यामुळे त्या दिवशी सुपरमार्केटात मटणाला कुत्रं विचारत नसे, आणि संध्याकाळी चांगला ताजा माल अर्ध्या भावात निघे. त्यांच्या कॅलेंडरावरच्या लाल खुणा पाहून शेजारच्या ललिताबाई दर महिन्याला न चुकता तिथी विचारून जात. बाई भारीच भाविक, असं जयसिंगरावांना वाटे.

या अंगारकीला त्यांनी सुपरमार्केटच्या फ्रीजमधल्या मटणाच्या शेवटच्या पाकिटाला हात घातला, तर दुसरं टोक ललिताबाईंच्या हातात.

"अहो, तुमचा तर आज उपास!"

"उपास पोटाला असतो, पिशवीला नाही," पाकीट न सोडता त्या म्हणाल्या. "तिथी मी काय मोदकांसाठी विचारत होते?"