शेजारणीचा मूठभर भुसा

मी बोलतेय, पण आधी ते दार लोटून घ्या. दार उघडं राहिलं की कुणीतरी येतं, आणि कुणी आलं की माझ्या शेपटीत सुई जाते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

मी एक पांढरी उंदरीण. जन्म प्रयोगशाळेतला. डोळे उघडले तेव्हा वर जाळी होती, खाली लाकडाचा भुसा. लहानपणीच माझा कान टोचला. वाटलं, दागिना घालतील. ती नुसती ओळखीची खूण निघाली.

मग आमच्या रांगेला चरबीचे दाणे सुरू झाले. मऊ, गुळगुळीत, तोंडात टाकताच विरघळणारे. एवढे लाड फुकट कुणी करत नाही, हे पहिल्याच घासाला कळलं. तरी खाल्ले. डावीकडच्या शेजारणीला मात्र साधे, कोरडे दाणे.

हा प्रयोग ताईचा. ताई म्हणजे इथे संशोधन शिकणारी मुलगी. झाकण पडलं तरी माझ्याआधी ती दचकते. तिचे सर पाहुण्यांना सांगत होते, "चरबी फार झाली की आतड्यातल्या जंतूंची वस्ती बिघडते, अस्तर सैल पडतं. जंतूंचे तुकडे चरबीबरोबर रक्तात शिरतात, अंगात बारीक सूज धुमसत राहते आणि साखर चढते."

रांगेतल्या सगळ्यांची चढली. मी फुगले, पण माझी साखर जागची हलेना.

"हिला खरंच हेच दाणे देतेस? की आकडे घरी बसून मांडतेस?" सर म्हणाले.

"सर, मी स्वतः घालते."

"मग ही काय रोज पळायला जाते? कारण शोध. नाहीतर हा प्रबंध माझ्या सहीने पुढे जाणार नाही."

ताईचा चेहरा पडला. तिला संशय आला पिंजरे धुणाऱ्या काकांचा: दया येऊन ते दाणे बदलत असतील. मला तर तिघांचाही संशय होता. ज्याला हात आहेत त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

धुण्याच्या दिवशी ती कपाटाआड उभी राहिली. काकांनी माझ्या पिंजऱ्यात नवा भुसा पसरला, वर शेजारणीकडचा मूठभर जुना टाकला.

"काका! हे काय टाकलंत?"

"अगं बाई, केवढ्याने ओरडतेस! नव्या भुशात ही नुसती थरथरते. ओळखीचा वास लागतो हिला."

"मग हिचाच टाकायचा ना!"

"हिचा तेलकट चिखल झालेला असतो. शेजारणीचा कसा कोरडा."

ताई मटकन स्टुलावर बसली. त्या भुशात शेजारणीच्या लेंड्या असायच्या, आणि आम्ही उंदीर लेंड्या खातो. नाकं मुरडू नका, तुमच्या ताटात मी कधी डोकावले नाही.

"आता लेंडीवर खापर फोडणार?" सर हसले.

"सर, साध्या दाण्यांवर वाढलेले जंतू हिच्या पोटात जात होते. त्यांनीच हिला सांभाळलंय."

"सिद्ध करून दाखव."

मग तोच भुसा उजवीकडच्या लठ्ठीला मिळू लागला. तिची साखर हळूहळू उतरली. ताईने पुन्हा मोजली आणि रडता रडता हसली. माझ्याही मिशा हलल्या, खोटं कशाला बोलू?

"शाब्बास! मी उगाच बोललो तुला," सर म्हणाले. "आता या घाबरटीच्या आतड्याचं अस्तर बघू."

अस्तर बाहेरून दिसत नाही, एवढं मलाही कळतं.

ताईचं हसू विरलं. "सर, आधी हिच्या लेंड्या तपासते. त्यातून सुजेचा अंदाज येईल."

"बघ. पण तेवढ्याने भागलं नाही तर..."

तेव्हापासून ती रोज डबी घेऊन येते. "दे गं बाई, अजून एक दे," म्हणते. मी देते. पोटात नसली तरी देते.

तुम्ही माणसं एकमेकांच्या शब्दाला मान देता म्हणे. तर माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द टाका. मी घाबरट असेन, पण तिच्यावरचा डाग माझ्यामुळे धुतला गेला.

थांबा, दार वाजलं. तीच आहे. आज डबी दिसत नाही, आणि हात पाठीमागे आहेत.

ताई, आधी हात दाखव.