तिच्याच पेशी
माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त तिच्याच जिवावर उठलं होतं. अंगभर चट्टे, बोटं आखडलेली, चमचासुद्धा धरवेना. रक्तातल्या मारेकरी पेशी तिलाच शत्रू समजत होत्या आणि त्यांना आवरणाऱ्या राखणदार पेशी अगदीच तोकड्या पडत होत्या. म्हणून तिच्याच रक्तातल्या राखणदार पेशी काढून आम्ही प्रयोगशाळेत वाढवल्या. आम्ही म्हणजे मी आणि आमचे सर.

सरांना सगळं झटपट हवं असतं. आता, राखणदार पेशीतही मारायचा हुकूम असतोच. आरएनएच्या चिठ्ठीवरून तो सारखा बाहेर पडत असतो. एक प्रथिन त्या चिठ्ठीला चिकटतं आणि ती वाचली जाण्याआधीच तिची विल्हेवाट लावतं. त्याला दिवसभर तेवढंच काम. ते प्रथिन कमी केलं की पेशी भराभर वाढतात, म्हणून सरांनी ते कमी केलं.

"आणि त्या बिथरल्या तर?" मी विचारलं होतं.

"पेशींवरची हिरवी खूण बघ की. सगळ्या राखणदारच आहेत. उगाच फाटे फोडू नकोस."

खूण चोख होती. पेशींची पिशवी वॉर्डात धाडण्याआधी आमच्याकडे तेवढंच बघतात. सकाळी पिशवी गेली. तळाशी उरलेले चार थेंब फेकणं जिवावर आलं, म्हणून ते मी धाकटीच्या कातडीच्या पेशी वाढवलेल्या बशीत सोडले आणि जेवायला गेले.

परत येऊन सूक्ष्मदर्शकातून बघितलं. राखणदार पेशी कातडीच्या पेशींना बिलगून बसल्या होत्या, अगदी मायेनं बसावं तशा. बिलगलेली पेशी आक्रसायची, फुटायची, की त्या सावकाश शेजारणीकडे सरकायच्या. खूण मात्र तशीच, हिरवीगार. आत कोणीतरी दुसरंच राहायला आलं होतं.

मी वॉर्डाकडे धावत सुटले. धाकटीच्या हाताला लावलेली नळी बंद केली. पिशवी अर्धी रिकामी झाली होती.

"ताई, अगं, चेहरा बघ तुझा!" धाकटी हसली. "काय झालं? दुसऱ्या कोणाच्या पेशी दिल्यात की काय मला?"

"नाही गं. तुझ्याच आहेत."

"आणि राखणदारच ना?"

मी नळीचा चाप आणखी आवळला.

"मग झालं तर," असं म्हणून तिनं निवांत डोळे मिटले. "खरंच बरं वाटतंय. आतून कोणीतरी जवळ घेतल्यासारखं."

मी बेल दाबली. दाबतच राहिले.