शेवटची जोड

लई जणांना मारलं मी आयुष्यात. त्याचं मला काही वाटत नाय. जबडे मोडले, बरगड्या मोडल्या, घरी येऊन दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. पण ज्या माणसाला मी बोटसुद्धा लावलं नाय, त्याचंच आज सांगायचंय.

मी बद्रीनाथ, चितेगावचा. पोरगा होतो तव्हापासून तालमीत घाम गाळला. वाळूजला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो तरी डोकं पहिलवानाचंच राहिलं. माहा धाकटा भाऊ सांडू त्याच कंपनीत, माह्याच शिफ्टला. माय जाताना त्याचा हात माह्या हातात देऊन गेली, म्हणून मी त्याला भाऊ कमी आन् लेकरू जास्त समजायचो.

त्या साली प्रेस उलटा सुटला आणि आमच्या शिफ्टच्या कडूबाची तीन बोटं डायखाली, म्हंजे साच्याखाली गेली. साहेब आला आणि म्हणला, डाय पुसा, मशीन चालू करा. कडूबाची बोटं अजून तिथंच पडलेली. सांडूनं पाना उचलला आणि साहेबाच्या खांद्यावर असा हाणला की हाड मोडल्याचा आवाज बाकीच्या मशिनी चालू असताना ऐकू आला. लगेच सांडू सस्पेंड, मागं चौकशी. नोकरी जाणार हे लहान पोरालाही कळत होतं. वाचायचा एकच मार्ग होता. युनियनच्या अध्यक्षाला काढायचं म्हंजे कंपनीला लेबर ऑफिसची परवानगी लागायची, आणि आठ दिवसांवर अध्यक्षाची निवड होती. सांडूला अध्यक्ष करायचंच, असं मी ठरवलं.

आमची निवड चिठ्ठ्यांवर होत नसे. युनियन काढणारे तात्यासाहेब स्वतः पहिलवान होते. त्यांनी जत्रेतल्या कुस्तीचा कायदा लावला होता. दोघांनी समोर उभं राहायचं, लोकांनी हात वर करायचे, ज्याला कमी हात मिळाले तो पडला, खाली बसला. जिंकणाऱ्यासमोर तिसरा उभा राहायचा. हरलेला गडी परत मातीत उतरत नाय. जोड कुणाची आधी लावायची, हे ठरवायचा मान सगळ्यात जुन्या पहिलवानाचा. तात्यासाहेब वारले आणि तो मान माह्याकडं आला. यात काही खोट असंल असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. एकानं दुसऱ्याला पाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला पाडलं, म्हंजे पहिला सगळ्यांचा बाप, झालं.

खोट दिसली ती केशवरावला. केशवराव टाइम ऑफिसात कारकून. शहरातल्या जुन्या भटजी घराण्यातला, काडीसारखा माणूस, पण आकड्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चहाच्या टपरीवर त्यानं हजेरीच्या कार्डामागं तीन ओळी लिहून माह्यासमोर धरल्या.

उभे राहणारे तिघं. कामगारांना आणायच्या कंपनीच्या तीन बसा होत्या, प्रत्येक बसमधी तीस माणसं, आणि एका बसचे हात एकाच बाजूला पडायचे. चितेगावच्या बसला आधी सांडू पाहिजे, तो नसंल तर बिडकीनचा बन्सी, शहरातला नानासाहेब तर नकोच. बिडकीनच्या बसला आधी बन्सी, मग नानासाहेब; सांडू नको, कारण त्यानं बसच्या जागेवरून त्यांच्या दोघांना लोळवलं होतं. शहराच्या बसला आधी नानासाहेब, मग सांडू. बन्सी नको, कारण मागच्या संपात तो चोरून कामावर गेला होता. केशवरावनं बोट फिरवून दाखवलं. सांडू-बन्सी उभे केले तर साठ हातांनी सांडू. बन्सी-नानासाहेब उभे केले तर साठ हातांनी बन्सी. आणि नानासाहेब-सांडू उभे केले तर साठ हातांनी नानासाहेब.

मी म्हणलो, असं कसं होईल? तो म्हणाला, होतंय ना, मोजा. मी तीनदा मोजलं. प्रत्येक जण एकाला पाडतो आणि एकाकडून पडतो. म्हंजे ज्याला शेवटी उतरवला तो जिंकला. लोकांनी हात कितीही वर करू द्या, फैसला जोड लावणाराच करून बसलेला असतो.

कार्ड त्यानं माह्या खिशात घातलं आणि म्हणाला, बघा आता काय करायचं ते. मी काय करणार? माहा जीव सांडूत अडकलेला. मी पहिली जोड बन्सी आणि नानासाहेबाची लावली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गेटबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधी सभा भरली. बन्सीनं नानासाहेबाला पाडलं. सांडूनं बन्सीला पाडलं. चितेगावच्या पोरांनी सांडूला गुलालात लाल केला आणि खांद्यावर घेऊन गेटाकडं नाचत नेला. माह्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं काहून बोलू.

तेवढ्यात नानासाहेब उठला. म्हणला, माही आणि सांडूची जोड लागलीच नाय, ती लावा. मी कायदा सांगितला, हरलेला परत उतरत नाय. शहराच्या एकानं खुर्ची फेकली, ती माह्या कानाला लागली. मी त्याचा जबडा मोडला. मग काय, बिडकीनवाले सळया घेऊन उतरले, बाकडी मोडली, पत्र्यावर डोकी आपटली. एकाचा कान अर्धा लोंबत होता आणि तो तसाच मारत होता. मीही हातात येईल त्याला आपटत होतो, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती.

केशवराव टेबलावर चढला. तो ओरडून सांगायला लागला की कुणीच खोटं बोलत नाय, तिघंही जिंकलेले आहेत आणि तिघंही हरलेले आहेत. खडूनं त्यानं पत्र्यावर त्याच तीन ओळी लिहिल्या. हळूहळू हात थांबले. लोक मोजायला लागले.

बन्सी लई हुशार. त्यानं सळई टेकवून विचारलं, हे तुला आधीच माहीत होतं तर तू कुणाला सांगितलं?

केशवरावनं एकदा माह्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी नाव घेणार नाही. ज्याला सांगितलं तो स्वतः सांगेल."

मी खाली पाहिलं. जोड मीच लावली होती, पण पहिलवानाच्या डोक्यात हे गणित शिरलं असंल असं कुणाला वाटलं नाय.

बिडकीनवाल्यांनी केशवरावला खाली ओढलं आणि नाव सांग म्हणत त्याचा उजवा हात शेडच्या लोखंडी दारात धरला. एकानं दार लोटलं. तो ओरडला तसा मी आजवर कुणाचा आवाज ऐकला नाय, कडूबाचासुद्धा नाय. मी मधी पडलो असतो तर चार जण लोळवले असते. पण मधी पडलो की लोकांनी ओळखलं असतं, आणि सांडूची नोकरी तिथंच संपली असती. तो बोलेल असं वाटून मी दात आवळून उभा राहिलो. तो माह्याकडंच पाहत होता, पण बोलला नाय. त्यांनी दार दुसऱ्यांदा लोटलं.

गेटावरचं नाचणं थांबलं तसा आरडाओरडा ऐकून सांडू पळत आला. दोघांना त्यानं डोक्यानं हाणून आडवं केलं, भुवईवर सळई खाल्ली आणि केशवरावला उचलून रिक्षात घातलं. मी मागं बसलो. वाटभर सांडू त्याचा हात आपल्या शर्टात धरून होता. कुणाचा गुलाल आणि कुणाचं रक्त, काही कळत नव्हतं. काय झालं ते त्याला गर्दीतच कळलं होतं. म्हणला, "दादा, ज्यानं तोंड शिवून हे होऊ दिलं तो सापडू दे मला. त्याचे दोन्ही हात मोडतो."

दवाखान्यात डॉक्टरनं दोन बोटं काढली. केशवराव शुद्धीवर आला तव्हा मी एकटाच खाटेजवळ होतो. मला वाटलं शिव्या देईल. तो हळूच म्हणाला, "बद्रीनाथ, ते कार्ड मी तुम्हाला सभेत वाचून दाखवायला दिलं होतं. तुमचं सगळे ऐकतात म्हणून."

मागं दारात सांडू उभा होता, हातात चहाचे दोन ग्लास घेऊन. ग्लास त्यानं खिडकीत नीट ठेवले. मग माही गचांडी धरून मला व्हरांड्यात आणलं आणि मारायला लागला. पहिल्या ठोशाला दात पडला. तिसऱ्याला मी पाठीवर गेलो. जत्रेत कुणी माही पाठ मातीला लावली नव्हती. मला उठता आलं असतं, तालमीत त्याला सगळे पेच मीच शिकवले होते. मी हात उचलला नाय.

पाच ठोसे मारून तो थांबला आणि भिंतीला टेकून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं अध्यक्षपद सोडलं, सगळ्यांसमोर कारण सांगून. महिन्याभरात कंपनीनं त्याला काढलं. आता बिडकीनला वेल्डिंग करतो, मला रस्त्यात पाहिलं की तोंड फिरवतो.

केशवराव डाव्या हातानं लिहायला शिकला. रोज गेटावर तो मला रामराम घालतो, तीन बोटांच्या हातानं, काही झालंच नाय असा. मी मान हलवून आत जातो. सांडू पाच ठोशांवर थांबला. थांबायला नको होतं त्यानं.